चंद्र, टेलिफोटो आणि एकावर एक दोन कन्व्हर्टर: दुसरा घ्यावा का?

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून ज्यांना कॅमेरा शेजारी ठेवून सावकाश वाचायचंय त्यांच्यासाठी ते इथे नीट लिहिलेत. भाषा बोलण्यातलीच ठेवलीय, फक्त माझे ‘म्हणजे बघा’ थोडे छाटलेत.

तर, नाशिकच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो असा: ‘ताई, माझ्याकडे सेकंडहँड ३०० मिमी एफ/४ लेन्स आहे आणि १.४ एक्सचा टेलिकन्व्हर्टर आहे. आता एक जुना २ एक्सचा कन्व्हर्टर मिळतोय. माझी दोन महिन्यांची बचत जाईल त्यात. दोन्ही एकावर एक लावले तर चंद्र खरंच चांगला येईल का? कारण सध्या मित्राच्या फोनवर माझ्यापेक्षा भारी चंद्र येतो, आणि तो मला रोज चिडवतो.’

यात दोन प्रश्न आहेत. एक पैशाचा आणि एक मित्राच्या फोनचा. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे लेन्सचं तोंड किती मोठं आहे. पण आधी चंद्र किती छोटा आहे ते बघू.

चंद्र म्हणजे आकाशातला अर्धा अंश

चंद्र मोठा वाटतो, पण आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून करंगळीचं टोक धरलंत तर ते त्याला आरामात झाकतं. क्षितिजावर उगवताना तो परातीएवढा वाटतो ना, तो मेंदूचा खेळ. मोजलात तर तेवढाच भरतो.

लेन्समधून सेन्सरवर पडणारी चंद्राची प्रतिमा किती मोठी, याचा एक सोपा हिशोब आहे: फोकल लेंग्थला ११० ने भागा. ३०० मिमी भागिले ११० म्हणजे साधारण २.७ मिमी. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान! आपल्या श्रोत्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आहे, सुमारे २३.५ बाय १५.६ मिमी, २४ मेगापिक्सेलचा. त्यावर हा २.७ मिमीचा चंद्र म्हणजे मोठ्या अंगणात ठेवलेली एक वाटी. पिक्सेलमध्ये मोजलं तर चंद्राची रुंदी साधारण ७००.

आता १.४ एक्स लावला की लेन्स ४२० मिमीची होते आणि चंद्र ३.८ मिमीचा. नुसता २ एक्स लावला तर ६०० मिमी, चंद्र ५.५ मिमी. दोन्ही लावले तर १.४ गुणिले २ म्हणजे २.८ पट, ८४० मिमी. चंद्र ७.६ मिमी, जवळजवळ २००० पिक्सेल रुंद. फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग तो व्यापतो. कागदावर हे एकदम मस्त दिसतं.

(जाता जाता: सुपरमूनच्या बातम्या येतात तेव्हा लोक कॅमेरे घेऊन धावतात. सगळ्यांत जवळचा आणि सगळ्यांत लांबचा पौर्णिमेचा चंद्र यांच्या आकारात फरक असतो सुमारे १४ टक्क्यांचा. तुमचा १.४ एक्स ४० टक्के देतो, तोही वर्षभर, बातमीशिवाय.)

कन्व्हर्टर नक्की करतो काय?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं पसरवणारं भिंग. लेन्सकडून येणारे किरण एका बिंदूकडे गोळा होत असतात, हा त्यांना जरा उशिरा गोळा करतो, त्यामुळे प्रतिमा मोठी होते. कल्पना नवी नाही. दुर्बीणवाले ‘बार्लो लेन्स’ वापरतात ती हीच, आणि ती १८३० च्या दशकातल्या पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाते.

पण कन्व्हर्टर लेन्सच्या मागे बसतो, पुढे नाही. पुढचं तोंड होतं तेवढंच राहतं, म्हणजे आत येणारा उजेडही तेवढाच. कणकेचा गोळा तोच आहे, तुम्ही पोळी मोठी लाटताय. मोठी लाटली की पातळ होणार. १.४ एक्सनं उजेड निम्मा होतो, २ एक्सनं पाव, आणि दोन्ही एकत्र लावले तर एक अष्टमांश. म्हणून एफ/४ ची लेन्स १.४ एक्सनंतर एफ/५.६ होते, २ एक्सनंतर एफ/८ आणि दोन्हींनंतर एफ/११.

चंद्राच्या बाबतीत उजेड कमी होण्याला घाबरायचं कारण नाही. चंद्र रात्री दिसतो म्हणून आपल्याला तो मंद वाटतो, पण तो म्हणजे भर उन्हात पडलेला खडक आहे. त्याचा पृष्ठभाग जुन्या डांबरी रस्त्यासारखा काळपट, पडलेल्या उजेडातला फक्त १२ टक्क्यांच्या आसपास परत फेकणारा. तरी ऊन ते ऊन. म्हणूनच ऑटो मोडवर चंद्र पांढराफटक थाळीसारखा येतो. कॅमेरा बाजूचं काळं आकाश बघतो, त्याला वाटतं किती अंधार, आणि तो एक्स्पोजर वाढवून ठेवतो.

उजेडाचं भागतं. खरा अडसर तपशिलाचा आहे.

लेन्सचं तोंड

उजेड लाटेसारखा वागतो. कोणत्याही गोल छिद्रातून गेला की तो थोडा फाकतो, याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे आकाशातला अगदी टोकदार बिंदूसुद्धा सेन्सरवर छोटा गोल ठिपका म्हणून पडतो. छिद्र जितकं मोठं, तितका ठिपका लहान आणि तपशील बारीक. किती बारीक, याचा दुर्बीणवाल्यांचा जुना ठोकताळा असा: ११६ ला छिद्राच्या मिमीमधल्या व्यासानं भागा, उत्तर विकलांमध्ये, म्हणजे आर्कसेकंदात येतं. एका अंशाच्या ३६०० विकला. चंद्राच्या सरासरी अंतरावर एक विकला म्हणजे साधारण १.८६ किमी.

३०० मिमी एफ/४ लेन्सचं छिद्र ३०० भागिले ४, म्हणजे ७५ मिमी. ११६ भागिले ७५ म्हणजे दीड विकलेच्या किंचित वर. चंद्रावर ते झाले सुमारे २.९ किमी. ही त्या लेन्सची लक्ष्मणरेषा. मागे एक कन्व्हर्टर लावा, दोन लावा, पाच लावा, २.९ किमीपेक्षा बारीक गोष्ट ही लेन्स तुम्हाला वेगळी करून दाखवणार नाही. वर्तमानपत्रातल्या फोटोवर भिंग धरलं तर फोटोतला माणूस स्पष्ट होत नाही, शाईचे ठिपके मोठे होतात. तसंच.

मग कन्व्हर्टरचा काहीच उपयोग नाही? आहे, आणि बरेच लोक इथे दुसऱ्या टोकाला जाऊन ‘क्रॉप कर, तेच होतं’ म्हणून सांगतात तेही बरोबर नाही. लेन्सनं आणलेला तपशील सेन्सरला पकडता यायला हवा. ठिपक्यांची रांगोळी आठवा. चार ठिपक्यांत कमळ काढता येत नाही, त्याला पुरेसे ठिपके लागतात. नुसत्या ३०० मिमीवर आपल्या श्रोत्याच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल चंद्रावरचे तब्बल ५ किमी व्यापतो. म्हणजे लेन्स २.९ किमीपर्यंतचं बघू शकते, पण सेन्सरची जाळी ५ किमीची. लेन्सनं मेहनत करून आणलेलं जाळीतून गळून जातंय! कन्व्हर्टर ही जाळी बारीक करतो. १.४ एक्सवर एक पिक्सेल ३.६ किमी, २ एक्सवर २.५ किमी, दोन्ही लावून १.८ किमी. एक तपशील नीट पकडायला कमीत कमी दोन पिक्सेल लागतात असं धरलं, तर २.९ किमीसाठी जाळी साधारण १.४५ किमीची हवी. म्हणजे ८४० मिमीवरही हा गडी मर्यादेच्या आतच आहे. त्याच्या लेन्सला दोन कन्व्हर्टर हिशोबानं झेपतात.

पण प्रत्येकाच्या नाही. स्वतःचा हिशोब करायला एक सोपी पद्धत. सेन्सरच्या रुंदीला आडव्या पिक्सेलच्या संख्येनं भागा. २३.५ मिमी भागिले ६००० म्हणजे ३.९ मायक्रॉन. याला साडेतीननं गुणा: १४ च्या आसपास. ही तुमची शेवटची एफ संख्या. कन्व्हर्टर लावून एफ/१४ पर्यंत गेलात तर काहीतरी हाती लागतं, त्यापुढे फक्त धूसर पोळी लाटणं.

आता बघा. ज्यांच्याकडे ७०-३०० मिमीची साधी झूम आहे, ती ३०० ला एफ/५.६ असते, तोंड जेमतेम ५४ मिमी. २ एक्स लावला की एफ/११, ठीक. त्यावर आणखी १.४ लावला की एफ/१६, मर्यादा ओलांडली. त्यातून या झूममध्ये मुळातले दोष जास्त, आणि कन्व्हर्टर गुणांबरोबर दोषही मोठे करतो. चंद्राच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते ती त्यातलीच. शिवाय बहुतेक कन्व्हर्टर अशा झूमवर बसतच नाहीत. १५०-६०० मिमी एफ/६.३ वाल्यांचं तोंड ९५ मिमी, म्हणजे आपल्या श्रोत्यापेक्षा मोठं, पण त्यांची एफ संख्या आधीच पुढे गेलेली असते. २ एक्स लावला की एफ/१२.६, झालं, तिथेच थांबायचं. जुना १.४ पेटीत राहू द्या.

मित्राच्या फोनचं काय?

हं, आता गंमत. १० एक्स पेरिस्कोप लेन्सचे जे फोन गाजले, त्यांची जाहिरातीतली फोकल लेंग्थ २३० मिमी असते. पण ती ‘फुल फ्रेमच्या तुलनेत’. प्रत्यक्षात आतली लेन्स २७ मिमीच्या आसपासची असते आणि एफ/४.९ ला तिचं छिद्र साडेपाच मिमी. मुगाच्या दाण्याएवढं! ११६ भागिले ५.५ म्हणजे २१ विकला, चंद्रावर ३९ किमी.

३९ किमीपेक्षा लहान काहीही त्या भिंगातून वेगळं दिसू शकत नाही. फोन कितीही महाग असो, भौतिकशास्त्र ईएमआयवर मिळत नाही. पिक्सेलची संख्या वाढवूनही नाही, एकामागून एक फोटो एकत्र करूनही फार नाही. कोपर्निकस हे ९३ किमीचं विवर त्याला एक ठिपका म्हणून कळेल. त्याच्या आतले डोंगर, पायऱ्या पायऱ्यांच्या कडा? नाही.

आणि तरी फोटोत त्या दिसतात. २०२३ च्या मार्चमध्ये रेडिटवर एका माणसानं साधा प्रयोग केला. चंद्राचा फोटो लहान करून, मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. फोनच्या फोटोत असे तपशील आले जे पडद्यावर नव्हतेच. त्यानंतर सॅमसंगनं स्वतः समजावून सांगितलं की त्यांचा कॅमेरा चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या प्रणालीच्या मदतीनं तपशील वाढवतो. चंद्राची एकच बाजू आपल्याला कायम दिसते, त्यामुळे असं शिकवणं सोपं.

मला यात फोन वापरणाऱ्याचा दोष वाटत नाही. छान दिसतं, स्टेटसला टाकतो माणूस. पण नाशिकचा आपला मित्र रोज चिडवून घेतोय, त्याला एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुझ्या धूसर फोटोतला प्रत्येक पिक्सेल त्या रात्री चंद्रावरून निघालेल्या उजेडानं भरलाय. सव्वा सेकंद प्रवास करून तो तुझ्या लेन्समध्ये आला. मित्राच्या फोटोतल्या कडा कारखान्यातच तयार होत्या. दोघांची स्पर्धाच वेगळी आहे.

आणि हे त्याला पटवायचं असेल तर एक चांगली परीक्षा आहे.

साराभाई विवराची परीक्षा

चंद्राच्या उत्तर भागात, उत्तर वर धरली तर उजवीकडे, एक मोठं गोलसर काळं मैदान आहे: मारे सेरेनिटाटिस. त्यात बेसेल नावाचं १६ किमीचं ठळक विवर आहे. बेसेलच्या ईशान्येला थोडं पुढे गेलं की एक लहान, वाटीसारखं, एकटं विवर लागतं. त्याला पूर्वी ‘बेसेल ए’ म्हणत. आता त्याचं नाव साराभाई. होय, आपल्या अंतराळ कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई. व्यास सुमारे ८ किमी. २०२० मध्ये इस्रोनं चांद्रयान-२ नं टिपलेलं त्याचं चित्र प्रसिद्ध केलं, त्यावरून त्याची खोली १.७ किमी आहे हेही कळलं.

८ किमी म्हणजे ४.३ विकला. साडेपाच मिमीच्या भिंगाला ते विवर म्हणून दिसणं शक्यच नाही, त्याची मर्यादा २१ विकला. नुसत्या ३०० मिमी लेन्सवर ते दीड पिक्सेल, म्हणजे ‘काहीतरी आहे बुवा’ एवढंच. १.४ एक्सवर दोन पिक्सेलच्या जरा वर. २ एक्सवर तीन. दोन्ही कन्व्हर्टरवर साडेचार, म्हणजे एका कडेला सावली आणि दुसऱ्या कडेला ऊन असं वेगळं दिसायला पुरेसं.

(अनेकांनी विचारलं होतं, चांद्रयान-३ चं विक्रम लँडर दिसेल का. नाही. तो २ मीटरच्या आसपासचा. पृथ्वीवरून तो वेगळा दिसायला साधारण १३० मीटर व्यासाची दुर्बीण लागेल. आज वापरात असलेल्या मोठ्यात मोठ्या दुर्बिणींचे आरसे १० मीटरच्या घरातले आहेत.)

साराभाई कधी शोधायचं? पौर्णिमेला नाही! हे जरा ठासून सांगते, कारण सगळे पौर्णिमेलाच कॅमेरा काढतात. कोजागरीला दूध आटवा, चंद्र डोळ्यांनी बघा, फोटोचा हट्ट नको. पौर्णिमेला चंद्रावर ऊन आपल्या बाजूनं सरळ पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. डोंगर-विवरं उठून दिसतात ती उजेड आणि अंधाराच्या सीमेवर, जिथे सकाळ होत असते आणि सावल्या लांब असतात. ही सीमा रोज सरकते, आणि गंमत म्हणजे आपली तिथी हेच मोजते. सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंश वाढले की एक तिथी. म्हणून घरातलं पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर हे उत्तम फोटो-ॲप आहे. साराभाईवर सूर्य उगवतो तो साधारण शुद्ध षष्ठी संपता संपता. तेव्हा शुद्ध सप्तमीची संध्याकाळ पकडायची. अष्टमी-नवमीला सीमा पुढे सरकते, तेव्हा रुपेस रेक्टा नावाची ११० किमी लांब सरळ कडा काळ्या रेघेसारखी दिसते. तीही सोडू नका.

महिना कोणता? फाल्गुन-चैत्र. मार्चच्या सुमाराला सप्तमी-अष्टमीचा चंद्र महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावरून जातो. चंद्र जितका वर तितकी मधली हवा कमी. क्षितिजापासून ३० अंशांवर असताना उजेडाला दुप्पट हवेतून यावं लागतं. सप्टेंबरमध्ये हाच अर्धा चंद्र दक्षिणेकडे खाली असतो आणि वर ढग. शहरातल्या दिव्यांची मात्र काळजी नको. चंद्र इतका तेजस्वी आहे की पुण्यातल्या भर वस्तीतली गच्चीही चालते. खगोल मंडळाची माणसं काळ्या आकाशासाठी वांगणीला जातात ती तारे बघायला. चंद्रासाठी लोकल पकडायची गरज नाही.

गच्चीवर

आता प्रत्यक्ष काम. पहिली अडचण: दोन कन्व्हर्टर एकमेकांत बसतील का? बऱ्याच नव्या कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते, ती दुसऱ्यात घुसत नाही. काही जण मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब लावतात, पण मग लेन्स अनंतावर फोकस होईनाशी होऊ शकते, आणि चंद्र अनंतावरच आहे. जोर लावू नका, काचेला काच लागली की दोन्ही गेल्या. विकत घेण्याआधी दुकानात स्वतःची लेन्स, स्वतःचा १.४ घेऊन जा, जोडून लांबच्या एखाद्या टॉवरवर फोकस होतो का बघा. एवढं न करता ऑनलाइन पैसे भरू नका.

ट्रायपॉडला कॅमेरा नाही, लेन्सची कॉलर जोडा. ८४० मिमीवर गच्चीवर कोणी चाललं तरी चित्र हलतं. लिफ्टची मशीन रूम शेजारी असेल तर विसराच. दोन सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक शटर किंवा आरसा आधी उचलून ठेवायची सोय असेल तर ती. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद.

ऑटोफोकसवर विसंबू नका. जुने डीएसएलआर एफ/५.६ किंवा फार तर एफ/८ नंतर हात टेकतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठं करून उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एखादं विवर धरा आणि हातानं फोकस करा. दर दहा मिनिटांनी पुन्हा बघा. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. कन्व्हर्टरनं आधीच एफ/११ केलंय, आणखी बंद केलंत तर तोंड लहान होईल आणि ७५ मिमीचा सगळा हिशोब वाया. दोन कन्व्हर्टर असताना कॅमेऱ्याला अनेकदा एकच ओळखता येतो, त्यामुळे पडद्यावरची एफ संख्या चुकीची असू शकते. हिस्टोग्राम खरा.

एक्स्पोजरची सुरुवात अशी करा: पौर्णिमेला एफ/११, आयएसओ १००, शटर १/१००. सप्तमीला अर्धा चंद्र असतो म्हणून निम्मा उजेड असं नसतं, सीमेजवळ ऊन तिरकं असतं, दोन स्टॉप जास्त लागतात. आयएसओ ४००, १/१०० किंवा १/६०. चंद्र आकाशात सेकंदाला साधारण १५ विकला सरकतो आणि तुमचा पिक्सेल जवळजवळ एका विकलेचा, म्हणजे १/६० मध्ये सरकण्याची भीती नाही. पण दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो, तेव्हा फ्रेम पुन्हा पुन्हा जुळवत राहायचं.

आणि मग हवा. लाइव्ह व्ह्यूत चंद्र उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा हलताना दिसेल. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडत असतो. शक्य असेल तर मोकळ्या मैदानात, गवतावर जा. साध्या शहरी रात्री ही हवाच २-३ विकलांचा तपशील पुसून टाकते, म्हणजे लेन्सची दीड विकलेची मर्यादा गाठायच्या आधीच. अशा रात्री ६०० मिमी आणि ८४० मिमीच्या फोटोत मोठेपणा सोडला तर काही फरक नसतो.

दुसरी चळत

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कन्व्हर्टरची चळत लावतो तशी फोटोंची चळत लावायची. एकापाठोपाठ शंभर-दोनशे फ्रेम घ्या, रॉमध्ये किंवा व्हिडिओमध्ये. हवा सतत हलत असते, पण मधूनच क्षणभर शांत होते. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम तपासून त्यातल्या स्पष्ट फ्रेम निवडतं, एकावर एक बसवतं आणि सरासरी काढतं. ६४ चांगल्या फ्रेम एकत्र केल्या की दाणेदारपणा आठव्या हिश्शावर येतो. मग रजिस्टॅक्समध्ये हळूहळू धार लावायची. जपून, हं. जास्त ओढलंत की विवरांभोवती काळी-पांढरी कडी येतात आणि आपणही फोनवाल्यांच्याच रांगेत जाऊन बसतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या चळतीपेक्षा ही दुसरी चळत जास्त देते. दोन कन्व्हर्टर लावून काढलेल्या एका फोटोपेक्षा एका कन्व्हर्टरवर काढलेल्या दोनशे फ्रेम बऱ्या.

तर नाशिककर, तुझा हिशोब. तुझ्याकडे आहे त्या १.४ एक्सवर येत्या शुद्ध सप्तमीला दोनशे फ्रेम घे. खर्च शून्य. मग तो २ एक्स एका रात्रीसाठी कोणाकडून मागून किंवा भाड्यानं आण, नुसता तो लाव, ६०० मिमी, एफ/८, आणि तेच कर. फरक दिसला तर २ एक्स घे, पण तो एकटा वापरायला घे. ६०० मिमीवर तुझ्या लेन्सचं बहुतेक सगळं हाती येतं. दोन्ही एकावर एक लावणं हे वर्षातल्या मोजक्या शांत रात्रींसाठी. फक्त त्या रात्रींसाठी दोन महिन्यांची बचत घालवावी असं मी सांगणार नाही. तेवढे पैसे चंद्रासाठीच राखून ठेवले असतील तर ११४ किंवा १३० मिमीची साधी परावर्ती दुर्बीणही बघून ठेव. तोंड मोठं, आणि फोन आयपीसला धरून काढलेला फोटो पहिल्याच रात्री तुला चकित करेल. घ्यायच्या आधी बघायची असेल तर तुझ्या गावातला एखादा हौशी खगोल गट गाठ. पुण्यात तर ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवतेय.

बाकीच्यांनी साराभाई विवर पकडलं तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात बोलू त्यावर. फोटोसोबत तिथी, वेळ, कोणती लेन्स, किती कन्व्हर्टर आणि किती फ्रेम एवढं लिहा. आणि एकत्र केलेल्या फोटोबरोबर चळतीतली एक मूळ, न सुधारलेली फ्रेमही जोडा. ती धूसर असली तरी चालेल.